पाटीवरच्या ओळी

आमच्या घरात एक दगडी पाटी आहे. तिची लाकडी चौकट केव्हाच निघून गेली आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. आईने तिच्यावर मला अक्षरे शिकवली, पुढे माझ्या मुलीने दोन-चार महिने तिच्यावर गिरवले, आणि मग ती पोटमाळ्यावरच्या पितळेच्या भांड्यांमागे जाऊन पडली. २०१९ च्या पावसाळ्यापासून मात्र ती घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, दोन फुटी काचेच्या टाकीत, मागच्या काचेला टेकून उभी आहे, आणि एंजल माशांची एक मादी तिच्यावर अंडी घालते. ती अंडी ओळीने घालते. पाटीच्या तळापासून वर सरकत एक ओळ, मग तिच्या शेजारी दुसरी, असे करत तासा-दीड तासात काळ्या दगडाचा तळहाताएवढा भाग पिवळसर, पारदर्शक ठिपक्यांनी भरून जातो.

ही पाटी टाकीत कशी आली हे सांगायचे, तर त्याआधी तीन वेळा पांढऱ्या पडलेल्या अंड्यांविषयी सांगितले पाहिजे.

२०१८ च्या दिवाळीनंतर नौपाड्यातल्या एका दुकानातून मी एंजलची सहा पिल्ले आणली होती. रुपयाएवढे चपटे अंग, त्यावर उभे काळे पट्टे आणि वर-खाली शिडासारखे लांब पर. एकदम सहा आणण्याचे कारण असे, की या माशांत नर कोणता आणि मादी कोणती हे बाहेरून सांगता येत नाही. सहा-सात पिल्ले एकत्र वाढवायची आणि त्यांची ती जोडी जमवतील तोवर वाट पाहायची, हाच खात्रीचा मार्ग आहे. अंडी घालायची वेळ आली, की पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. खरी ओळख पटते ती तेव्हाच. अर्थात एवढेही पाहावे लागत नाही. जमलेली जोडी टाकीचा एक कोपरा ताब्यात घेते आणि बाकीच्या चौघांना तिकडे फिरकू देत नाही. आमच्या जोडीने एप्रिलमध्ये हे सुरू केले, तेव्हा मी तिला दोन फुटी टाकीत वेगळे काढले. तळाला वाळू नाही, एक स्पंज फिल्टर, एक हिटर, कुंडीत लावलेले रुंद पानांचे एक झाड, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या दुरुस्तीतून उरलेला कडप्प्याचा एक लांबट तुकडा, एवढाच तिचा संसार होता.

हा मासा मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. १८२३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या प्रजातीला जे नाव मिळाले, ‘टेरोफिलम’, त्याचा अर्थ पंख असलेले पान असा होतो. ते नाव मला फार आवडते, कारण पाण्यात बुडालेल्या झाडोऱ्यात उभ्या पानांच्या मधून सरकण्यासाठीच हे अंग असे चपटे आणि उंच घडलेले आहे, आणि अंडीही तो बहुधा उभ्या पानावर किंवा बुडालेल्या लाकडावरच घालतो. आपल्या दुकानांत येणारे एंजल अर्थातच नदीतून पकडलेले नसतात. बहुतेक चेन्नई किंवा कोलकात्याकडच्या मत्स्यपालकांनी वाढवलेले असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत राहिल्यामुळे त्यांना आपल्या नळाचे पाणी सोसते. ते इतके सोसते, की आपले पाणी चांगले आहे अशी माझी ठाम समजूत झाली होती. सहाही पिल्ले धडधाकट होती, भरपूर खात होती आणि सहा महिन्यांत तळहाताएवढी झाली होती.

पहिली अंडी मेच्या पहिल्या आठवड्यात कडप्प्यावर दिसली. दोनशेच्या आसपास असावीत. दोघेही आळीपाळीने अंड्यांसमोर उभे राहून कल्ल्यांमागच्या परांनी त्यांच्यावर पाणी वारत होते, आपण उन्हाळ्यात बाळाला पंख्याने वारा घालतो अगदी तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून अधिक अंडी साबुदाण्यासारखी पांढरी झाली होती. जिवंत अंडे पारदर्शक राहते. जे फळले नाही किंवा मेले ते दुधाळ होते, आणि त्यावर कापसासारखी बुरशी धरली की ती शेजारच्या चांगल्या अंड्यावरही पसरते. मासे तोंडाने एकेक पांढरे अंडे टिपून काढत होते. संध्याकाळपर्यंत कडप्प्यावर मोजून नऊ अंडी उरली आणि त्यातूनही काही निघाले नाही.

बारा दिवसांनी पुन्हा अंडी आली आणि पुन्हा तेच झाले. या वेळी मी पाण्यात मेथिलिन ब्लू घातले होते. या निळ्या औषधाने बुरशीला आळा बसतो, पण जे अंडे मुळात फळलेलेच नाही ते औषधाने जगत नाही. तापमान पाहिले तर ते २८ अंशांवर स्थिर होते. दुकानदार म्हणाले, “नर कच्चा आहे, बदलून टाका.” एका अनुभवी गृहस्थांनी शंका काढली, की कदाचित दोन्ही माद्याच असतील. एंजलमध्ये असे होते हे खरे आहे. दोन माद्या जोडी करतात, दोघी अंडी घालतात आणि अर्थातच एकही फळत नाही. पण नळ्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, एक जाड आणि एक टोकदार, आणि पहिल्या वेळच्या दोनशेंतली काही अंडी तरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पारदर्शक राहिलीच होती. नरावर माझा विश्वास होता, आणि त्याला दुकानात परत देण्याचा विचार मला सहन होत नव्हता.

तिसऱ्या खेपेची अंडी जूनच्या सुरुवातीला पांढरी पडली त्याच संध्याकाळची गोष्ट. मी टाकीसमोर बसलो होतो आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, पाणी बदललंय बघ. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ घोटली जात नाहीये. टँकरचं आलेलं दिसतंय.”

तुरीची डाळ जड पाण्यात शिजत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक सुगरणीला ठाऊक असते. त्यामागचे कारण सांगायचे तर डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी पाण्यातले कॅल्शियम जोडले जाते आणि ते विरघळायला तयार होत नाही. मग दाणा कितीही उकळला तरी टचटचीत राहतो. आईला पेक्टिन माहीत नाही, पण साठ वर्षांच्या स्वयंपाकात पाणी कुठून आले आहे हे डाळीवरून ओळखायला ती शिकली आहे. मी महिनाभर औषध, तापमान आणि नराची जात यांच्यामागे लागलो होतो, आणि ज्या एका गोष्टीत अंडी बुडालेली होती तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पेनाएवढा टीडीएस मीटर आणला. ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी पाणी मिळते. ते सारे सह्याद्रीतून उतरणाऱ्या भातसा, उल्हास यांसारख्या नद्यांचे आणि धरणांचे पाणी असल्याने फारसे जड नसते. नौपाड्यात मामांच्या घरी नळाखाली मीटर धरला तर आकडा ८५ आला. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात पालिकेचे पाणी पुरत नाही, म्हणून जमिनीखालच्या टाकीत बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते. आमच्या नळाखाली आकडा आला ६१०, आणि माशांच्या टाकीत, वाफ होऊन उरलेल्या पाण्यात, ६८०. टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे तो मीटर सांगत नाही. त्यासाठी शाळेतली जुनी परीक्षा पुरेशी होती. एका बाटलीत मामांकडचे पाणी आणि एका बाटलीत आमचे, दोन्हींत साबणाचा एकेक तुकडा टाकून हलवले. एकात फेस आला; दुसऱ्यात पांढरट साय तरंगली. विज्ञानाच्या पुस्तकात आपण सुफेन आणि दुष्फेन हे शब्द पाठ करतो, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने दिसले.

माशाच्या अंड्याला एकच अतिसूक्ष्म छिद्र असते. नराचा शुक्राणू आत शिरतो तो तेवढ्याच दारातून, आणि अंडे पाण्यात पडल्यानंतर थोड्याच वेळात ते दार बंद होते. अंडे त्या वेळी पाणी शोषून फुगत असते आणि त्याचे आवरण घट्ट होत असते. मऊ पाण्यात घडलेल्या माशाची अंडी जड पाण्यात पडली, तर हा सगळा हिशेब बिघडतो: फळण्याचे प्रमाण घसरते, आणि जी फळतात त्यांतल्याही काहींना आवरण फोडून बाहेर येता येत नाही. वाढलेल्या माशाचे कल्ले आणि मूत्रपिंडे बाहेरच्या क्षारांशी जुळवून घेतात, अंड्याकडे तसले काहीच नसते. म्हणून सहा तगडे मासे पाहून मी पाण्याविषयी जे अनुमान काढले होते ते चुकले होते.

चूक आणखी एका ठिकाणी होती. कडप्पा दिसायला काळा असला, तरी जातीने तो चुनखडीचा दगड आहे. ओट्यावर लिंबू पिळताना रस सांडला की पांढरट डाग पडतो तो त्यामुळेच. ज्या पाण्यातला चुना कमी करायचा, त्याच पाण्यात मी चुन्याचा दगड उभा केला होता. उभा, सपाट, गुळगुळीत आणि पाण्यात काहीही न सोडणारा दुसरा दगड कुठे मिळेल असा विचार करत असताना मला पोटमाळ्यावरची पाटी आठवली. ती शुद्ध स्लेट होती. एंजल पाळणारे लोक जगभर याच दगडाचे तुकडे विकत घेतात. मी ती नुसत्या पाण्याने घासली, उन्हात वाळवली आणि आईला विचारून टाकीत ठेवली.

त्या वर्षी पाऊस जूनच्या अखेरीस आला. पहिल्या दोन-तीन सरींत हवेतली धूळ आणि काजळी खाली येते म्हणून ते पाणी जाऊ दिले, आणि मग बाल्कनीबाहेर ताडपत्री बांधून ड्रम भरला. आईने लगेच त्यावर जुनी सुती साडी चौपदरी करून बांधली, कारण ठाण्यात पावसाळ्यात उघडे पाणी ठेवणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. मीटरने ड्रमातल्या पाण्याचा आकडा १५ दाखवला. निव्वळ पावसाचे पाणी मात्र मी कधीच वापरले नाही. त्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे पीएच सावरून धरायला काही उरत नाही आणि तो एका रात्रीत कोसळू शकतो. एव्हाना टँकर बंद झाले होते. नळाचे पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून त्यातला क्लोरीन उडून गेला, की त्यात तेवढेच पावसाचे पाणी मिसळायचे, असा क्रम ठरवला. धरणात गढूळ पाणी येते त्या दिवसांत क्लोरीनचा वास जास्त येतो. अशा वेळी बादलीत हायपोचे दोन खडे टाकतो, तेच जे पूर्वी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत असायचे.

रोज थोडे थोडे करत दहा दिवसांत टाकी ६८० वरून १२० वर आली. घाई करता येत नाही, कारण पाण्यात एकदम झालेला फरक मोठ्या माशालाही झेपत नाही. अकराव्या दिवशी थोडे थंड पाणी घालून निम्म्याहून कमी पाणी बदलले आणि तिसऱ्या सकाळी दोघेही पाटी घासू लागले.

ते घासणे पाहण्यासारखे असते. ओठ पुढे काढून मासा दगडाचा एकेक ठिपका चोखतो, मागे सरतो, मान किंचित तिरकी करून पाहतो आणि पुन्हा पुढे येतो. दीड दिवस हेच चालले. मग संध्याकाळी मादी पाटीच्या तळाशी गेली, पोट दगडाला लावले आणि अंगातून एक शहारा जावा तशी थरथरत वर सरकली. मागे बारा-चौदा अंड्यांची ओळ उमटली, प्रत्येक अंडे एका बाजूने दगडाला चिकटलेले, मोहरीपेक्षा लहान. ती बाजूला झाली, आणि नर त्याच ओळीवरून, तितक्याच संथपणे, वर गेला. तो कुठेही चुकला नाही. एक ओळही त्याने सोडली नाही. त्याला कच्चा म्हणणाऱ्या दुकानदारांनी त्या वेळी तिथे असावे असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशेत बारा अंडी पांढरी होती. मी पुन्हा पुन्हा मोजली. आईला दाखवली, तेव्हा ती चष्मा काढून काचेला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिली.

ती खेपही हातची गेली, पण दोष पाण्याचा नव्हता. रात्री सवयीने मी टाकीचा दिवा एकदम बंद केला. काळोखात आईबापांना अंडी दिसत नाहीत, ते बिथरतात, आणि बिथरलेला मासा अंडी खातो. सकाळी पाटी कोरी होती. तेव्हापासून अंडी असतील तोवर खोलीत झिरोचा बल्ब जळतो.

पाचव्या खेपेला मी धीर धरला नाही. पाटी तशीच उचलून, पाण्याबाहेर क्षणभरच ठेवत, त्याच पाण्याने भरलेल्या लहान टाकीत हलवली, हलके निळे पाणी केले आणि आईबापांच्या परांच्या जागी हवेच्या बुडबुड्यांची एक बारीक धार सोडली. साधारण साठ तासांनी अंड्यांतून शेपट्या बाहेर आल्या. पिल्ले या वेळी पोहत नाहीत; डोक्यापासून निघालेल्या चिकट तंतूने पाटीला लटकून नुसती शेपटी वळवळत राहतात, आणि पोटाला लागलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. पाचव्या दिवशी ती सुटली आणि टाकीभर टाचण्यांची टोके तरंगावी तशी पसरली.

सुटलेल्या पिलाला जिवंत आणि हलणारे अन्न लागते, म्हणून आदल्या दिवशीच आर्टेमियाची अंडी भिजत घालावी लागतात. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडेमीठ, खालून जोरात हवा आणि वरून दिवा, एवढ्यावर चोवीस तासांत केशरी धुक्यासारखे जीव बाहेर पडतात. हा मिठागरांतला प्राणी आहे, आणि मुंबईच्या मिठागरांतही तो आढळल्याची नोंद आहे. मुलुंड-भांडुपजवळून जाताना पूर्व द्रुतगती मार्गावरून दिसणाऱ्या मिठागरांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. हवा बंद करून बाटलीच्या तळाशी दिवा धरला की जीव उजेडाकडे खाली जमतात आणि टरफले वर तरंगतात. मग नळीने ओढायचे, पंच्याच्या तुकड्यातून गाळायचे, गोड्या पाण्याने मीठ धुवायचे आणि ड्रॉपरने टाकीत सोडायचे. पाचच मिनिटांत प्रत्येक पिलाचे पारदर्शक पोट केशरी होते. कोणी जेवले आणि कोणी उपाशी राहिले, हे भिंगाशिवाय कळते. दिवसातून चार वेळा हे करायचे आणि प्रत्येक वेळी उरलेले अन्न काढून तेवढेच मुरवलेले पाणी भरायचे. नोकरी सांभाळून हे जमले ते केवळ आई दुपारच्या दोन वेळा सांभाळत होती म्हणून.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा लहान टाकीत एका दिवसाची अंडी होती. बुडबुडे थांबले. ऑक्टोबरचा उकाडा असल्याने तापमानाची काळजी नव्हती, पण अंड्यांवरून पाणी वाहते राहिले पाहिजे, म्हणून मी आणि मुलगी चहाच्या कपाने टाकीतलेच पाणी उचलून पाटीच्या वरच्या कडेवरून हळूहळू सोडत राहिलो. वीज येईपर्यंत कप कोणी खाली ठेवला नाही. त्या दिवशी मला उमगले, की ते दोन मासे हे काम अडीच दिवस, रात्रंदिवस, कोणी न सांगता करतात.

त्यानंतरची खेप मी त्यांच्याकडेच राहू दिली. पिल्ले बाहेर येताच मादीने एकेकाला तोंडात घेतले, क्षणभर चघळल्यासारखे केले आणि रुंद पानावर नेऊन चिकटवले. माझ्या छातीत धस्स झाले होते. ती खाते आहे असेच वाटले. पुढच्या चार दिवसांत त्यांनी सगळा जथा पाटीवरून पानावर आणि पानावरून पाटीवर असा पाच वेळा हलवला. कोणी खाली पडले, की नर सूर मारून ते उचलायचा आणि जागेवर नेऊन ठेवायचा. लहान टाकीत मी दीडशे वाढवली होती, त्यांच्याकडे साठच राहिली. पण त्या साठांत वाकड्या पराचे एकही नव्हते, आणि आजही मला निवड करायची झाली तर मी ती साठच निवडीन.

महिन्याभरात पिलांना पर फुटून ती एंजलसारखी दिसू लागतात. जास्तीची पिल्ले नौपाड्याच्या त्याच दुकानात जातात. काही जण जास्तीचे मासे मासुंदा किंवा उपवनच्या तळ्यात सोडतात. तसे कधीही करू नये. परके मासे तळ्यातल्या मूळच्या जिवांच्या मुळावर येतात, आणि टाकीत वाढलेला मासा तिथे बहुधा हालहाल होऊन मरतो.

पहिली जोडी आता राहिली नाही. सध्या पाटीसमोर असतात ती त्यांचीच मुले, त्या साठांतली दोन. यंदाही मेमध्ये टँकर आले आणि मी अंड्यांची आशा सोडून नुसती टाकी स्वच्छ ठेवत राहिलो. परवा रात्री बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. कुकर उतरवून आईने झाकण काढले, पळीने डाळ दाबून पाहिली आणि मला हाक मारली, “ये रे, दोन शिट्ट्यांत मेणासारखी झालीय.” मी मीटर न काढताच ड्रमावरची साडी सोडली आणि पहिली बादली भरून आत आणली. नळीने पाणी सोडायला लागलो, तेव्हा मादी पाटीच्या टवका उडालेल्या कोपऱ्यापाशी होती आणि ओठ पुढे काढून तिथला शेवाळाचा ठिपका चोखत होती.